सही मागे घ्यायला

मलिद्याचे पोहे दोनदा धुऊन झाले होते, तरी इलाना ते तिसऱ्यांदा धुवायला लागली. हात कामात असले की कान मोकळे राहतात, आणि आज तिला बाहेरच्या खोलीतलं सगळं ऐकायचं होतं.

बाहेर तिचा नवरा आरोन, इस्राएलहून तीन वर्षांनी आलेला मुलगा नोम, धाकटी मुलगी अविटल आणि सत्तर वर्षांची नणंद दिनाताई बसले होते. मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा आणि फळांचा प्रसाद, आरोनने नवस म्हणून बोललेला होता. फेब्रुवारीत दिनाताईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून त्याने एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याला म्हटलं होतं, बहीण सुखरूप घरी येऊ दे, मलिदा करीन. बहीण सुखरूप घरी आली. चाळीस वर्षं देशोदेशी पिण्याच्या पाण्याची कामं करत हिंडलेली, दर दिवाळी अंकात एका नव्या देशावर लेख लिहिणारी दिना आपटेकर आता कुठे जाणार नाही, नवीन पनवेलच्या या तिसऱ्या मजल्यावर आपल्या माणसांत राहणार, असं आरोनने धरून चाललं होतं. नोमची वाट पाहून त्याने मलिदा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ठेवला. ठाण्याहून, अलिबागेहून, पेणहून माणसं बोलावली, कारण पनवेलमध्ये आता ज्यूंच्या प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे म्हणजे आठ दिवस फोन करावे लागतात.

आणि काल शनिवारी, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस सुटल्यावर सगळे जेवायला बसले असताना दिनाताई म्हणाल्या होत्या, "चोवीस डिसेंबरला मी टांझानियाला चाललेय. तिकीट काढलंय."

आरोन ताटावरून उठला होता. तेव्हापासून घरात दारं जरा जोरातच लागत होती.

दिनाताईंच्या जाण्याचं कारण इलानाला ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये दिनाताईंना एक पत्र आलं होतं, मसेरो नावाच्या गावातल्या नीमा या शिक्षिकेचं. दिनाताईंनी एकतीस वर्षांपूर्वी त्या गावात सात हातपंप बसवले, तेव्हा नीमा सहा वर्षांची होती. पंपाच्या दांड्याला लोंबकळणाऱ्या पोरांमध्ये तीही होती. आता तिने लिहिलं होतं, की त्या पाण्यावर वाढलेल्या सगळ्यांचे दात तपकिरी झालेत. तिच्या धाकट्या भावाचे पाय गुडघ्यातून वाकलेत, त्याला सरळ उभं राहता येत नाही. शहरातल्या एका डॉक्टरने पाण्यातल्या फ्लोराइडचं नाव घेतलं. गावाने अर्ज केले, तर सरकारी कार्यालयातला माणूस दर वेळी फाइल उघडून दाखवतो. फाइलमध्ये पाणी पिण्यास योग्य असल्याचा दाखला आहे. 'मामा दिना,' नीमाने शेवटी लिहिलं होतं, 'दाखल्यावर तुमची सही आहे. तुम्ही जिवंत असाल तर येऊन ती मागे घ्या.'

दिनाताईंनी ते पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. त्या पत्रावरूनच त्यांनी आपल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहिलं. पुस्तकाची प्रुफं पुण्याहून गुरुवारी आली. दिनाताई अविटलबरोबर डॉक्टरकडे गेल्या होत्या, गठ्ठा टेबलावर उघडा होता, आणि इलानाने आयुष्यात प्रथमच नणंदेचे कागद न विचारता वाचले.

तेव्हापासून एक वाक्य तिच्या मागे लागलं होतं. 'घरून निकड आली म्हणून मला फ्लोराइडच्या अहवालाच्या चार दिवस आधी निघावं लागलं, आणि तो हाती यायच्या आत मी सही केली.'

ती निकड कुठून आली होती, ते जगात एकट्या इलानाला माहीत होतं.

दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या सुनीताबाई सब्ज्याची जुडी आणि दोन मोठ्या पराती घेऊन आल्या होत्या.

"पराती पुरतील ना?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "बाहेर काही झालंय का हो? आरोनभाऊंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"दिनाताई परत बाहेर निघाल्यात."

"या वयात? आणि तुम्ही काय म्हणता?"

"मला अजून कुणी विचारलं नाही," इलाना म्हणाली आणि पोहे चाळणीत उपसले.

*

नोमला वाटत होतं, की आत्याशी भांडायचं तर कागदपत्रांनिशी भांडावं. त्याने फोनवर डॉक्टरांचं डिस्चार्ज कार्ड उघडून ठेवलं होतं.

"आत्या, इथे स्पष्ट लिहिलंय. अति श्रम टाळावेत."

"मी गुरुवारी त्याच डॉक्टरांना विचारून आले. विमानात दर दोन तासांनी उठून चाला म्हणाले."

"त्यांना तू सांगितलंस का, की विमानानंतर सहा तास जीप आहे? जवळ मोठं हॉस्पिटल नाही?"

"सांगितलं."

"मग?"

"मग ते म्हणाले, बरोबर कुणीतरी असू दे."

"आणि कोण आहे बरोबर?"

दिनाताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. उत्तर दिलं अविटलने. ती जमिनीवर बसून एका खोक्यात प्लास्टिकच्या बाटल्या लावत होती. पांढऱ्या झाकणांच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली. तळोजाच्या एका खाजगी प्रयोगशाळेत ती पाणी तपासायचं काम करायची. कारखान्यांतून सुटणारं पाणी आणि नव्या सोसायट्यांच्या टाक्यांमधलं पाणी तिच्या टेबलावर रोज येत असे.

"मी जाणार होते, दादा. पण डिसेंबरात लॅबची तपासणी आहे, रजा नाही मिळाली. आत्याला सगळं शिकवलंय. नमुना कसा घ्यायचा, कशात ठेवायचा. फ्लोराइडचं मीटरपण देतेय, ते जागेवरच आकडा सांगतं."

"म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं?"

"ऑक्टोबरपासून."

"छान," नोम म्हणाला. "घरात राहणाऱ्यांनी मिळून ठरवायचं आणि मी काल जेवताना ऐकायचं."

"तू तिथून व्हिडिओवर नाहीच म्हणाला असतास," अविटल म्हणाली. "इथे येऊन नाही म्हणतोयस. फरक काय पडला?"

आरोन इतका वेळ खिडकीशी उभा होता. तो वळला. वीज मंडळात पस्तीस वर्षं वादळात पडलेले खांब उभे करण्यात गेलेला हा माणूस एरवी आवाज चढवत नसे.

"जाण्याचं नंतर बघू. आधी ते प्रकरण. ताई, उद्या तू त्या अनुयाला फोन करणार, की पुस्तक छापायला घ्या. बरोबर?"

अनुया म्हणजे पुण्याची संपादक. दिनाताईंनी मान डोलावली.

"शेवटचं प्रकरण काढून टाक."

"का?"

"का म्हणून काय विचारतेस! तिथली माणसं मराठी वाचणार आहेत? नाही. त्यांना जे सांगायचं ते जाऊन सांग, पत्राने कळव, मी अडवत नाही. पण इथे कशाला छापायचं? 'आपली माणसं आता उरली किती, आरोन?' असं मला सिनेगॉगमध्ये दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. आणि मी सांगतो, जी आहेत त्यांच्यात माझी बहीण आहे. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका तिच्यामुळे घरापाशी पाणी भरतात. शाळेत तुझा फोटो लावलाय, ताई. त्याच्याखाली लोकांनी आता काय वाचायचं? हिने पोरांचे पाय वाकडे केले?"

दिनाताईंनी चष्मा परत लावला.

"आरोन, त्या पुस्तकात तीनशे पानं आहेत. ज्या ज्या विहिरीबद्दल मला शाबासकी मिळाली ती प्रत्येक विहीर त्यात आहे. ही एक तेवढी गाळली, तर बाकीच्यांचंही कुणी का खरं मानावं? मीसुद्धा मानणार नाही."

"एका चुकीसाठी..."

"सात पंप. एकतीस वर्षं. रोज पाणी."

"चूक तुझ्या एकटीची होती? तुझी संस्था होती, तिथलं सरकार होतं. तूच सगळं अंगावर का घेतेस? माणसाला घाई असते, घरी अडचण असते. तूच लिहिलंयस ना, निकड होती म्हणून. मीही चाळलीत ती प्रुफं."

एकतीस वर्षांत दिनाताईंनी हा विषय कधी काढला नव्हता. काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसल्या होत्या. पण भावाने तीच निकड उचलून त्यांच्यापुढे सबब म्हणून ठेवली, तेव्हा त्यांचा ताबा सुटला.

"निकड तूच पाठवली होतीस, आरोन. तुझी तार आली, म्हणून मी निघाले."

"कसली तार?"

"चौऱ्याण्णवच्या जूनमधली. आई अत्यवस्थ, ताबडतोब ये. खाली तुझं नाव."

"मी जूनमध्ये देवगडला होतो. वादळाने लाइनी पडल्या होत्या, अडीच महिने घर पाहिलं नव्हतं. मी तार केली नाही."

"देवगडहूनच केली असशील, असंच मी समजत आले. मी पोचले तर आई खाटेवर बसून पेज पीत होती. तुला भीती वाटली असेल, म्हणून वाढवून लिहिलंस, असं मी मनाला सांगितलं. तू परत आलास तेव्हा तुला लाज वाटू नये म्हणून बोलले नाही."

"ताई, आईची शपथ. मला तर वाटलं, तू आपली सुट्टीवर आलीस."

स्वयंपाकघराच्या दारात इलाना उभी होती. तिच्या बोटांना खोबऱ्याचा कीस चिकटलेला होता.

"तार मी केली होती," ती म्हणाली.

*

सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत याची इलानाला सवय नव्हती. या घरात नजरा आरोनवर असत, नाहीतर दिनाताईंच्या पत्रांवर. तरी तिने सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर ती थांबली नाही.

"नोम पोटात होता. सातवा महिना. त्याआधीचं एक गेलं होतं, ते तुम्हा दोघांना माहीत आहे. हे देवगडला गेले आणि चौथ्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. कंबरेचं हाड मोडलं. त्यांना उचलायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं, सगळं मी एकटीने. माझी आई गेलेली, भाऊ तिकडे इस्राएलात, लोदला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तू असं वजन उचलत राहिलीस तर हेही राहणार नाही. मी दिनाताईंना पत्र लिहिलं. दोन लिहिली."

"मला एकच मिळालं," दिनाताई म्हणाल्या.

"त्या एकाचं उत्तर आलं. काम संपत आलंय, जुलैअखेर येते, तोवर एखादी बाई ठेव. आणि बरोबर फोटो पाठवला होतात. पंपाभोवती बायका हसतायत आणि मध्ये तुम्ही. तो फोटो बघून मला काय झालं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी तशीच उठले आणि चालत तारऑफिसात गेले. सासूबाई मरायला टेकल्या नव्हत्या. ते मला माहीत होतं. खोटं लिहिलं. खाली यांचं नाव घातलं, कारण भावजयीच्या तारेला तुम्ही आला असता की नाही, याची मला खात्री नव्हती."

आरोन खुर्चीवर बसला. "मला तरी सांगायचंस."

"तुम्ही आलात तेव्हा बाळ झालं होतं. घरात सगळे खूश होते. मग सांगायची वेळ गेली ती गेलीच."

नोम गॅलरीत गेला. त्याच्या मागे अविटल गेली.

दिनाताई उठल्या. त्या उंच होत्या, आजारपणानंतरही ताठ चालत. त्या इलानासमोर जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा आरोनला वाटलं, आता या दोघींमध्ये जे मोडेल ते जोडता यायचं नाही.

"चार दिवस," दिनाताई म्हणाल्या. "चार दिवसांनी शहरातल्या प्रयोगशाळेतून अहवाल यायचा होता, इलाना. चार दिवस मी थांबले असते तर पंप बंद झाले असते."

"ते मला काय माहीत?"

"नव्हतं माहीत. तुला माहीत असायचं कारणच नव्हतं."

"पण आता माहीत आहे. गुरुवारी वाचलं तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये." इलानाने पदराला हात पुसले. "माझा मुलगा वाचला. दुसऱ्या कुणाच्या मुलाचे पाय गेले. याचं काय करायचं ते मला कळत नाही. पण दिनाताई, एक विचारू? तुम्ही चाळीस दिवस इथे राहिलात. माझं बाळंतपण केलंत, सासूबाईंना पायांवर उभं केलंत. मी ते कधी विसरले नाही. त्या चाळीस दिवसांत अहवालाचं विचारलंत का?"

दिनाताईंनी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"नंतर?"

"नंतर माझी बदली लाओसला झाली."

"तिथून?"

"नाही विचारलं," दिनाताई म्हणाल्या.

"मग निकड आली म्हणून, असं का लिहिलंत?"

आरोन मध्ये पडला. "इलाना, पुरे."

"पुरे कसं? मी त्यांना दोष देत नाहीये. त्या वाक्यात मी आहे, माझं नाव नसलं तरी आहे. कुणीही वाचलं तर त्याला वाटणार दिनाताईंची काही चूक नव्हती, घरच्यांनी बोलावलं. तुम्ही आत्ता म्हणालातच तसं. दिनाताई, लिहायचं असेल तर सगळं लिहा. इलाना नावाच्या भावजयीने खोटी तार केली, तेही लिहा, माझी हरकत नाही. आणि ते लिहायचं नसेल तर निकड काढून टाका. अर्धं ठेवू नका."

चाळीस वर्षांत संपादकांनी दिनाताईंची वाक्यं खूप कापली होती. स्वतःच्या मनात त्यांनी ती त्याहून जास्त कापली होती. पण या वाक्याला कुणी हात लावला नव्हता, कारण ते त्यांनी फार काळजीपूर्वक रचलं होतं. आता त्यांना ते सरळ दिसलं. त्या दिवशी जीपवाला तार घेऊन आला तेव्हा दाखला टेबलावर पडलेला होता. तो तसाच ठेवून निघता आलं असतं. पण पुढच्या आठवड्यात पंपांचं उद्घाटन होतं, परदेशातून मोठी माणसं येणार होती, आणि काम दुसऱ्या कुणाच्या सहीने पुरं व्हावं हे त्यांना नको होतं. बॅग भरता भरता त्यांनी उभ्या उभ्याच सही केली होती. तारेमुळे त्या निघाल्या होत्या. सही त्यांनी हौसेने केली होती.

इतकी वर्षं त्यांनी मनातल्या मनात भावाला माफ केलं होतं आणि त्या माफीवर स्वतः सुटल्या होत्या.

"आरोन," त्या म्हणाल्या. "पेन दे."

त्यांनी टेबलाशी बसून गठ्ठ्यातलं ते पान काढलं. वाक्य एका रेघेत खोडलं. समासात लिहायला लागल्या, थांबल्या, पुन्हा लिहिलं. मग मोठ्याने वाचलं, एरवी आपलं लिखाण घरात वाचून न दाखवणाऱ्या दिनाताईंनी.

"'मला घरी जायचं होतं. सही न करताही जाता आलं असतं. काम माझ्या नावावर पुरं व्हावं म्हणून मी अहवाल यायच्या आत सही केली आणि नंतर तो अहवाल कधी मागितला नाही.'" त्यांनी वर पाहिलं. "चालेल?"

"मला विचारताय?" इलाना म्हणाली.

"तुलाच."

"तारेचं नाही लिहिलंत."

"तारेमुळे काही झालं नाही, म्हणून नाही लिहिलं. तुझ्यावर दया म्हणून नाही."

इलानाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही. "चालेल," ती म्हणाली.

*

गॅलरीतून हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. नोम कठड्याला टेकून खाली पार्किंगमध्ये बघत होता.

"म्हणजे मी वाचलो म्हणून..." तो म्हणाला.

"तू पोटात होतास, दादा. तुला कुणी विचारलं नव्हतं," अविटल म्हणाली.

"तो नीमाचा भाऊ. किती वर्षांचा असेल?"

"पंप बसले तेव्हा तान्हा होता, असं पत्रात आहे."

नोम एकतीस वर्षांचा होता. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. थोड्या वेळाने तो आत आला. आरोनला वाटलं, आता निदान मुलगा तरी आपल्या बाजूने बोलेल. पण नोम आत्याच्या शेजारी बसला.

"गेल्यावर तू नक्की काय करणार? एक एक करून सांग."

दिनाताईंनी सांगितलं. सातही पंपांचे नमुने घ्यायचे. जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन लेखी द्यायचं, की हा दाखला अहवालाशिवाय दिला होता आणि मी तो मागे घेते. दाखला रद्द झाला तरच गावाला दुसरं पाणी मागता येईल. तोवर हाडांच्या कोळशाने पाणी गाळायची भांडी घरोघर बसवता येतात, तिथे ती बनवणारी माणसं आहेत, नीमाने त्यांना गाठलंय. तीन आठवड्यांचं काम.

"वकिलामार्फत पाठवता नाही येणार?"

"येईल. पण नीमाने 'पाठवा' असं लिहिलेलं नाही, 'या' असं लिहिलंय. आणि तिच्या भावाच्या समोर मी बसले पाहिजे."

नोमने मान हलवली. "मग एकटीने जायचं नाही. एवढं माझं ऐक. पप्पांच्या गुडघ्यांना सहा तासांची जीप सोसणार नाही, अविटलला रजा नाही. मी माझी रजा वाढवून बघतो."

"तुला नाही मिळणार. परवाच म्हणालास," आरोन म्हणाला. त्याच्या आवाजात अजून आशा होती. बरोबर कुणी नसेल तर जाणं होणार नाही.

"मी जाते," इलाना म्हणाली.

आरोन हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"तू? तू मुंबईत एकटी जात नाहीस."

"एकटी कुठे चाललेय? दिनाताई आहेत. पासपोर्ट आहे माझा, नोमकडे जायला काढलेला, चार वर्षं चालेल अजून. तिकडे जायला पिवळ्या तापाची सुई घ्यावी लागते ना? दहा दिवस आधी. उद्या घेतली तर वेळ आहे."

"तुला ती भाषा येत नाही, इंग्रजी धड येत नाही. तिथे तू करणार काय?"

"त्यांच्या गोळ्या कधीच्या ते मला पाठ आहे. रात्री छातीत दुखलं तर त्या कुणाला सांगत नाहीत, ते मला माहीत आहे. फेब्रुवारीत मीच ओळखलं होतं. बाटल्या भरायला भाषा लागत नाही. आणि त्या मुलाच्या आईला..." ती थांबली, "ती जिवंत असेल तर मला तिला भेटायचंय. काय बोलायचं ते मला अजून माहीत नाही. तरी भेटायचंय."

दिनाताई म्हणाल्या, "इलाना, हे तुझं ओझं नाही. आत्ताच आपण..."

"ओझं म्हणून येत नाहीये. तुम्ही चाळीस दिवस माझ्याजवळ राहिलात, खोट्या तारेवर. आता मी तीन आठवडे येते, खरं सांगून."

मग नोमने फोन हातात घेतला. "मम्मी, पासपोर्ट आण. व्हिसाचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो."

"मलिदा झाल्यावर. माझे पोहे वाळतायत," इलाना म्हणाली आणि आत गेली.

*

आरोन एकटा बेडरूममध्ये जाऊन बसला. किप्पा ही प्रार्थनेची टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. त्याला राग आला होता, पण तो नेमका कुणाचा हे ठरवता येत नव्हतं. बायकोने एकतीस वर्षं एक गोष्ट त्याच्यापासून लपवली होती. बहिणीने तीच गोष्ट त्याच्या नावावर ठेवून त्याला माफ केलं होतं. दोघींनी त्याला न विचारता त्याचं नाव वापरलं होतं, आणि दोघींनी ते त्याच्यावरच्या मायेने वापरलं होतं. देवगडला खांबावर चढून तारा ओढत असताना घरी काय चाललंय ते त्याने एकदाही नीट विचारलं नव्हतं. आठवड्यातून एकदा शेजारच्या दुकानात फोन करून 'सगळं ठीक ना' म्हणायचा आणि उत्तराच्या आधीच 'ठेवतो' म्हणायचा.

पाच वाजता माणसं आली. पेणचे दाजी सगळ्यांत म्हातारे, ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी जिने चढताना तीनदा विसावा घेतला. चादर अंथरली गेली. इलानाने परात आणून मध्ये ठेवली. गूळखोबऱ्यात कालवलेले पोहे, वर बेदाणे आणि वेलची, भोवती केळी, सफरचंदं, संत्री, डाळिंबं, खजूर, आणि पोह्यांच्या ढिगात सुनीताबाईंचा सब्जा खोवलेला. सुनीताबाईही दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. आरोनने प्रार्थना सुरू केली आणि नेहमीसारखा त्याचा आवाज दुसऱ्या ओळीला लागला. एलियाहू हन्नबीची आळवणी सगळ्यांनी मिळून म्हटली. दाजींच्या सुराला आता कंप होता, नोमचा सूर तिकडे राहून थोडा बदलला होता.

मग ती जागा आली, जिथे मलिदा कशासाठी हे सांगून आशीर्वाद मागायचा. आरोनने कालपर्यंत ते पाठ केलं होतं. माझी बहीण घरी परत आली, तिला इथेच सुखात राहू दे. तो उभा राहिला. समोर बायकांच्या बाजूला दिनाताई आणि इलाना शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींनी डोक्यावरून पदर घेतला होता. दिनाताई खाली बघत होत्या. इलाना त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात विनंती नव्हती.

त्याने तिला पहिल्यांदा नीट पाहिलं असं म्हणणं खोटं होईल, सदतीस वर्षांचा संसार होता. पण ती काय करील हे आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट त्याला पहिल्यांदाच कळली. त्याला भीती वाटली, आणि भीतीच्या मागे अभिमानही होता.

"मिल्काबाईंची दिना," रीतीप्रमाणे आईचं नाव आधी घेऊन तो म्हणाला. "आणि तिच्याबरोबर माझी बायको इलाना. दोघी लांबच्या प्रवासाला निघाल्यात. एक राहिलेलं काम पुरं करायला. वाटेत त्यांना सांभाळ. तिथल्या माणसांनाही सांभाळ."

"आमेन," नोम सर्वांत आधी म्हणाला. मग बाकीचे म्हणाले.

दाजींनी कानामागे हात धरला. "कोण निघालं? इलाना? ही कुठे निघाली?"

आरोन उत्तर द्यायला वळला, पण इलानाने परात पुढे ओढली होती. तिने पहिला मलिदा दिनाताईंच्या हातावर ठेवला, दुसरा दाजींच्या.

"टांझानियाला, दाजी," ती म्हणाली. "चोवीस तारखेला. परत कधी ते तिथलं पाणी बघून ठरवू."